फुकटचा काठ

शिकागोला येणाऱ्या मराठी पाहुण्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. नेपरव्हिल नाहीतर शॉमबर्गला लेकाकडे किंवा लेकीकडे उतरायचं, ऑरोराच्या बालाजीला जाऊन यायचं आणि एक शनिवार शहरासाठी राखून ठेवायचा. त्या शनिवारी मिलेनियम पार्कातल्या चकचकीत ‘बीन’समोर फोटो, विलिस टॉवरच्या काचेच्या सज्जातून खाली बघणं, आर्ट इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांवर विवेकानंदांची आठवण, आणि रात्रीच्या वरणभाताला घरी. दक्षिणेला काय आहे, असं विचारलं की यजमान आरशात बघून लेन बदलतात. ‘तिकडे तसं काही नाही. तिकडे कोणी जात नाही.’

तिकडे लाखो माणसं राहतात. त्यातली बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत, आणि आपल्या बोलण्यातल्या ‘कोणी’मध्ये ती धरलेली नसतात, एवढंच.

माझा भाचा ‘तिकडे’च राहतो. हाइड पार्क नावाच्या वस्तीत, शिकागो विद्यापीठाच्या जवळ. त्याच्याकडे गाडी नाही. त्यामुळे मी शिकागोचा दक्षिण काठ पाहिला तो सहा नंबरच्या बसमधून आणि पायी. आणि हा काठ पाहण्याची खरी रीत तीच आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे. गाडीतून लेक शोअर ड्राइव्हवरून जाताना डावीकडे निळं पाणी नुसतं सरकत राहतं. पायी चालताना दर मैलावर कुणीतरी कुणाशी तरी भांडलेलं सापडतं.

मिशिगन सरोवराचा पसारा सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचा जवळपास पाचवा हिस्सा, आणि सगळं गोडं पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, जहाजं बुडतात. पण भरती-ओहोटी जाणवत नाही आणि वाऱ्याला खारा, मासळीचा वास नाही. ज्यांचं लहानपण कोकणपट्टीत गेलं त्यांना किनाऱ्यावर उभं राहून काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, आणि ते काय, हे कळायला थोडा वेळ लागतो. जूनमध्येसुद्धा पाणी असं गार असतं की पाय घातल्यावर पोटऱ्या दुखायला लागतात. शहरात उकाडा असला तरी काठावर स्वेटर लागू शकतो.

या काठाने उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुमारे २९ किलोमीटरची वाट जाते. २०१८ पासून सायकलवाल्यांची वेगळी, चालणाऱ्यांची वेगळी. तिकीट नाही, फाटक नाही, ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी नाही. एवढ्या मोठ्या, एवढ्या धंदेवाईक शहराने आपली सगळ्यात महागडी जमीन लोकांना फिरायला मोकळी कशी सोडली? मुंबईत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. आपल्याकडे पश्चिमेला चौपाट्या आणि मरीन ड्राइव्ह तरी आहेत. पूर्व किनारा पिढ्यान् पिढ्या गोदीच्या भिंतींमागेच राहिला.

उत्तर असं की शिकागोने तो सोडला नाही. त्याच्याकडून सोडवून घेतला.

१८३६ मध्ये, शहर जेमतेम वसत होतं तेव्हा, कालव्याच्या आयुक्तांनी प्लॉट विकायला नकाशा काढला. त्यात पाण्यालगतच्या एका पट्टीवर लिहिलं, की ही सार्वजनिक जागा आहे आणि ती कायमची मोकळी, बांधकामाशिवाय राहील. लिहिणाऱ्यांचा हेतू फार उदात्त होता असं नाही; समोर मोकळं पाणी दिसलं की मागचे प्लॉट चांगल्या भावाने जातात. पुढे इलिनॉय सेंट्रल रेल्वे आली आणि तिने रूळ थेट काठाच्या पाण्यात खांब रोवून टाकले. १८६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने याच कंपनीला सरोवराचा सुमारे हजार एकर तळ देऊन टाकला. काठ नव्हे, पाण्याखालचा तळ! चार वर्षांनी विधिमंडळालाच उपरती झाली आणि त्याने दिलेलं दान परत घेतलं. कंपनी कोर्टात गेली. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरोवराचा तळ राज्याच्या मालकीचा असला तरी तो जनतेच्या वतीने सांभाळायला दिलेला आहे. विश्वस्ताला ठेव विकून मोकळं होता येत नाही.

हा निकाल आपल्याला वाटतो तितका परका नाही. मनालीजवळ बियास नदीच्या काठावर एका मोटेलसाठी नदीचा प्रवाहच वळवल्याचं प्रकरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा १९९६ च्या डिसेंबरमध्ये दिलेल्या निकालात न्यायालयाने याच शिकागोच्या खटल्याचा आधार घेत सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व भारतीय कायद्यात आणलं. आपल्याकडे तलाव, नद्या, किनारे यांच्यासाठी कोर्टात जाणारे लोक आज जे तत्त्व पुढे करतात, त्याची एक मुळी या काठाच्या चिखलात आहे.

मग आला माँटगोमरी वॉर्ड. पोस्टाने माल विकून गब्बर झालेला व्यापारी. त्याची कचेरी मिशिगन अव्हेन्यूवर होती आणि खिडकीतून तबेले, पडव्या, मोडकळीच्या गाड्या आणि कचरा दिसे. १८७१ च्या प्रचंड आगीचा राडारोडाही इथेच पाण्यात लोटलेला. १८९० मध्ये त्याने १८३६ च्या नकाशातल्या त्या ओळीवर बोट ठेवून शहरावर दावा लावला, आणि १९११ पर्यंत तो लढतच राहिला. शहराची प्रगती अडवणारा हेकट म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला झोडपलं. त्याच्या मागण्यांत स्वार्थ होता का? असेल. पण ती पट्टी, म्हणजे ग्रँट पार्क, आज मोकळी आहे ती त्याच्या हेकटपणामुळे. तो हेका शहरात अजून टिकून आहे. चित्रपट दिग्दर्शक जॉर्ज लुकसला आपलं संग्रहालय याच काठावर बांधायचं होतं. उद्यानांसाठी लढणाऱ्या एका संस्थेने खटला भरला आणि २०१६ मध्ये त्याने शिकागोचा नाद सोडून लॉस एंजलिसची वाट धरली.

मात्र हे सगळं मोकळेपण कुणासाठी, हा प्रश्न वॉर्डने विचारला नव्हता. तो विचारला गेला आणखी दक्षिणेला.

एकोणतिसाव्या रस्त्याजवळ आज पुळण उरलेली नाही. पुढे भराव टाकून काठच पुढे ढकलला गेला. हिरवळ, वाट, पलीकडे ड्राइव्हवरच्या गाड्यांची घरघर. बघायला गेलं तर एक छोटी स्मृतिपाटी, बस. सायकलवाले तिच्याकडे न बघता जातात. २७ जुलै १९१९, रविवार, भयंकर उकाडा. युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर खेळत होता. पंचविसाव्या रस्त्याचा काठ काळ्यांचा, एकोणतिसाव्याचा गोऱ्यांचा, असा दंडक होता. कायद्यात कुठेही नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. पाण्यात रेघ कशी ओढणार? तराफा वाहत पलीकडे गेला. काठावरून एक गोरा माणूस दगड मारू लागला आणि युजीन बुडाला. तिथल्या पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडायला नकार दिला. त्यानंतर कित्येक दिवस शहर पेटलं होतं. ३८ माणसं मेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे. पाचशेच्या वर जखमी झाली, आणि शेकडो कुटुंबांची घरं गेली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्यांची गुलामीतून सुटका केली. आपल्याकडे तो दाखला अभिमानाने दिला जातो आणि द्यावाच. पण अर्पणपत्रिका लिहिली गेली त्यानंतर ४६ वर्षांनी, जो प्रांत गुलामीविरुद्ध लढला त्याच उत्तरेतल्या एका शहरात, पोहणारा पोरगा तराफ्यासकट चुकीच्या पाण्यात गेला म्हणून मेला, हेही त्या दाखल्याशेजारी ठेवायला हवं.

इथून पुढे चालत गेलं की एकतिसाव्या रस्त्याची पुळण लागते. रविवारी इथे कोळशाच्या शेगड्यांचा धूर असतो, मोठाली कुटुंबं असतात, आणि बसायला घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्या. शहराच्या उद्यान खात्याने या पुळणीला मार्गारेट बरोज यांचं नाव दिलं आहे. बरोजबाई चित्रकार आणि शिक्षिका. त्यांनी १९६१ मध्ये आपल्या राहत्या घरात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय सुरू केलं. ते आता हाइड पार्कच्या पश्चिमेला वॉशिंग्टन पार्कात ड्युसेबल संग्रहालय म्हणून उभं आहे. ड्युसेबल म्हणजे बाहेरून येऊन या जागी पहिलं कायमचं घर करणारा कृष्णवर्णीय व्यापारी. लेक शोअर ड्राइव्हच्या नावाआधी त्याचं नाव जोडायला शहराला २०२१ उजाडावं लागलं.

सत्तेचाळिसाव्या ते त्रेपन्नाव्या रस्त्यादरम्यान पाण्याखाली मॉर्गन शोल नावाचा खडकाचा उथळ पट्टा आहे. पाणी उतरलं असेल तर एक गंजका, गोल, काळपट तुकडा वर आलेला दिसतो. पक्षी त्यावर बसतात. हा ‘सिल्व्हर स्प्रे’ नावाच्या आगबोटीचा बॉयलर. १९१४ च्या जुलैमध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना गॅरी शहरातल्या पोलाद कारखान्याची सहल घडवायला ती निघाली होती. विद्यार्थी चढायच्या आधीच खडकावर रुतली आणि पुढे पेटून गेली. शंभर वर्षांवर झाली, कुणी तो बॉयलर काढायची तसदी घेतलेली नाही. मला हे फार आवडलं. शहराने काही गोष्टींना पाटी न लावता तशाच पडू द्याव्यात.

आणि मग पॉइंट.

नकाशात त्याचं नाव प्रोमंटरी पॉइंट, पण हाइड पार्कात कोणी एवढं लांब म्हणत नाही. पंचावन्नाव्या रस्त्याच्या टोकाला ड्राइव्हखालचा बोगदा पार करून बाहेर आलं की हिरवळीचं एक नाक सरोवरात शिरलेलं दिसतं. हे सगळं माणसाने केलेलं. पाण्यात भराव टाकून जमीन बनवली, आल्फ्रेड काल्डवेल या उद्यानकाराने ती आखली, आणि १९३७ मध्ये ती खुली झाली. मंदीचा काळ; कामं नव्हती म्हणून सरकारने लोकांना अशी कामं दिली. काल्डवेलने मधोमध मोठं कुरण मोकळं सोडलं, कडेला झाडं लावली आणि झाडांपलीकडे चुनखडकाचे प्रचंड ठोकळे पायऱ्यांसारखे पाण्यात उतरवले. जागोजागी दगडी बैठकीची वर्तुळं आहेत, मध्ये शेकोटी. वर्तुळात बसलं की कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. ही कल्पना त्याने गुरू येन्स येन्सनकडून घेतली.

पॉइंटला जाण्याची वेळ संध्याकाळची. शहराच्या मनोऱ्यांची ओळ उत्तरेला दिसते, तिथून ती दूरची आणि निरुपद्रवी वाटते. ठोकळ्यांवर विद्यार्थी पुस्तक उघडून झोपलेले असतात, कुणी गळ टाकलेला असतो, लग्नाचे फोटो चालू असतात, आणि रोजचे पोहणारे दगडांवरून थेट पाण्यात जातात. शीतयुद्धाच्या काळात लष्कराने इथे क्षेपणास्त्रांसाठी रडारचे मनोरे उभे केले होते. ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गेले. आता त्या जागी मुलं पतंग उडवतात.

दगडांवरून मात्र वीस वर्षांवर भांडण चालू आहे. हे ठोकळे लाकडी चौकटींवर बसवलेले आहेत. लाकूड पाण्याखाली असेपर्यंत टिकतं. पाणी उतरून त्याला हवा लागली की कुजतं, चौकट खचते आणि वरचे दगड घसरतात. या सरोवराची पातळी स्थिर नसते. २०१३ च्या जानेवारीत ती नोंदीतल्या नीचांकाला होती आणि २०२० मध्ये जवळजवळ उच्चांकाला. दोहोंत सुमारे दोन मीटरचा फरक. त्या वर्षी वादळी लाटांनी शहराच्या उत्तरेकडच्या काही पुळणी गिळल्या. सरकारी अभियंते म्हणाले, दगड काढून काँक्रीटच्या पायऱ्या बांधू, जशा बाकीच्या काठावर बांधल्या. हाइड पार्कवाले म्हणाले, अजिबात नाही. त्यांनी स्वतः पैसे जमवून स्वतःचे तज्ज्ञ आणले, दगड दुरुस्त होऊ शकतात असे अहवाल मांडले, सभा गाजवल्या. २०१८ मध्ये पॉइंट राष्ट्रीय वारसा नोंदीत गेला आणि २०२३ मध्ये शहरानेही त्याला वारशाचा दर्जा दिला.

एका ठोकळ्यावर टॉवेल गुंडाळून बसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईंना मी विचारलं, काँक्रीटवर चालायला तरी सोपं जाणार नाही का? त्यांनी उत्तरेकडच्या करड्या पायऱ्यांकडे हनुवटी केली. ‘जाऊन बघा तिथे. कुणी बसलेलं दिसतंय?’

मी बघितलं. खरंच फारसं कुणी नव्हतं. पण न्यायाने सांगायचं तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पॉइंटच्या दगडांवरून पाण्यापर्यंत जाता येत नाही, आणि हा मुद्दा अभियंत्यांच्या बाजूचा आहे. दगड वाचवणाऱ्यांनी त्याला अजून पुरेसं उत्तर दिलं आहे असं मला वाटलं नाही.

पॉइंटच्या दक्षिणेला सत्तावन्नाव्या रस्त्याची पुळण. उन्हाळ्यात, म्हणजे मे अखेरपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, जीवरक्षक असतात. ते असतील तेव्हाच पोहायचं. झेंडा हिरवा तर जा, पिवळा तर जपून, लाल तर काठावर बसा. लाल झेंडा कधी लाटांसाठी असतो, कधी पाण्यातल्या जंतूंसाठी. त्यामागेही एक कथा आहे. शहराचं सांडपाणी नदीतून सरोवरात जायचं आणि पिण्याचं पाणी सरोवरातूनच यायचं. तेव्हा १९०० मध्ये शिकागोने कालवा खोदून नदी उलटी वाहायला लावली. आपली घाण मिसिसिपीच्या दिशेने धाडली, आणि खालच्या गावांनी आरडाओरडा केला तो केलाच. एरवी सरोवर स्वच्छ राहतं, पण ढगफुटीसारखा पाऊस झाला की पूर टाळायला नदीची दारं सरोवराकडे उघडावी लागतात आणि पोहणं बंद होतं. त्रेसष्टाव्या रस्त्याच्या पुळणीवरून आत दूरवर पाण्यात एकट्या घरांसारखं काहीतरी दिसतं. कुणी जहाज समजतं, कुणी तुरुंग. शहराचं पिण्याचं पाणी तिथून आत ओढलं जातं.

त्रेसष्टाव्या रस्त्याच्या पुळणीवरचा कमानींचा मंडप १९१९ चा. युजीन बुडाला तेच वर्ष. कपडे बदलायच्या खोल्या, वरचा सज्जा, आतलं उघडं अंगण असा त्याचा डौल आहे. माझ्या मते सगळ्या दक्षिण काठावरची ही सर्वांत देखणी इमारत, आणि पर्यटकांच्या माहितीपत्रांत ती क्वचितच असते.

माहितीपत्रांत असतं ते विज्ञान आणि उद्योगाचं संग्रहालय, सत्तावन्नाव्या रस्त्याच्या पुळणीच्या अगदी समोर. ग्रीक देवळासारखी अवाढव्य इमारत. १८९३ च्या कोलंबियन जागतिक प्रदर्शनातला हा कलामहाल. प्रदर्शनासाठी जॅक्सन पार्काच्या दलदलीत जे शुभ्र नगर उभं राहिलं ते प्लास्टर आणि तागाच्या धाग्यांचं होतं. ही इमारत तेवढी विटांची बांधली, कारण जगभरच्या चित्रांच्या मालकांना आगीची खात्री हवी होती. म्हणून ती उरली. सहा महिन्यांत पावणेतीन कोटींच्या आसपास लोक येऊन गेले. विवेकानंदांचं व्याख्यान या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत झालं, पण ते इथे नव्हे, दहा-अकरा किलोमीटर उत्तरेला, आजच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये. इथे ते प्रदर्शन पाहायला आले होते.

प्रदर्शनात अमेरिकेच्या कृष्णवर्णीयांना मानाची जागा नव्हती. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी त्याचा जाब विचारणारी पुस्तिका काढली आणि फ्रेडरिक डग्लस यांच्या साथीने ती वाटली. गुलामीतून पळून आलेल्या त्या वृद्ध नेत्याला बसायला जागा मिळाली ती हैती देशाच्या मंडपात. दरम्यान बाजूच्या मिडवे नावाच्या लांब पट्टीवर पश्चिम आफ्रिकेतली माणसं ‘खेडं’ म्हणून मांडली होती आणि जगातला पहिला, ८० मीटर उंच फेरिस व्हील फिरत होता. आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्याचा हा आजोबा.

संग्रहालयात आत जायला घसघशीत तिकीट आहे. मुलं बरोबर असतील तर जा, आणि गेलात तर जर्मन पाणबुडी यू-५०५ चुकवू नका. १९४४ च्या जूनमध्ये अमेरिकन नौदलाने ती आफ्रिकेच्या पश्चिमेला जिवंत पकडली. दहा वर्षांनी सेंट लॉरेन्स नदीतून पंचमहासरोवरांमार्गे ती इथे आणली, काठावर चढवली आणि रात्री ड्राइव्हची रहदारी थांबवून पलीकडे ओढत नेली. ७६ मीटर लांबीच्या त्या नळीत माणसं कशी राहत असतील, हे आत शिरल्यावर कळतं.

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला वूडेड आयलंड आहे. आखणी ओल्मस्टेडची, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क करणाऱ्याची. प्रदर्शनात जपानने इथे एक मंडप बांधला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी त्याची आबाळ झाली आणि १९४६ मध्ये तो जळाला. आता त्या जागी जपानी बाग आहे, आणि योको ओनोने केलेल्या पोलादी कमळाच्या पाकळ्या. वसंतात चेरी फुलते तेव्हा गर्दी उसळते. एरवी पक्षी बघणारे, गळ्यात दुर्बीण, आवाज न करता.

पक्ष्यांवरून आठवलं. हाइड पार्कात पोपट आहेत. दक्षिण अमेरिकेतले, हिरवे, करड्या छातीचे, पिंजऱ्यांतून सुटलेले. १९७० च्या दशकापासून ते इथे काटक्यांची मोठाली घरटी बांधून शिकागोचा हिवाळा काढतात. सरकारी खात्याने त्यांना हटवायचं ठरवलं तेव्हा वस्तीने तेही होऊ दिलं नाही.

भांडकुदळपणाचं कारण बहुधा शेजारचं विद्यापीठ. तिथला फेरफटका मी थोडक्यात सांगते, कारण काठ सोडून फार आत जायचं नाही. फ्रँक लॉइड राइटचं रोबी हाउस, आडव्या रेषांचं, वारसायादीतलं. हेन्री मूरचं कवटीसारखं कांस्यशिल्प, जिथे २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मीच्या चमूने पहिली नियंत्रित अणुसाखळी चालवली त्याच जागेवर. प्राचीन संस्कृतींच्या संग्रहालयातला खोर्साबादचा पंखवाला बैल, ४० टनांचा. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि कवी ए. के. रामानुजन यांनी आयुष्यं काढली ते हे विद्यापीठ. आणि रेगेन्स्टाइन ग्रंथालयात मराठी पुस्तकांची कपाटं. ती इथे आली त्यात मोठा वाटा पीएल-४८० योजनेचा. अमेरिकेने गहू दिला, त्याची किंमत रुपयांत भारतातच साचली, आणि त्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना धाडली गेली. रेशनच्या रांगेत आमच्या आयांनी ज्या लाल गव्हाला नावं ठेवली, त्याचा असाही एक हिशेब निघाला.

परत काठाकडे. जॅक्सन पार्काच्या पश्चिम कडेला ओबामा केंद्राचा २२५ फुटी दगडी मनोरा आहे. बांधकाम २०२१ मध्ये सुरू झालं. सुमारे १९ एकर उद्यान त्यात गेलं आणि उद्यानप्रेमींनी याही वेळी विश्वस्ततेचं तत्त्व घेऊन कोर्ट गाठलं; लुकसला जे अडवलं तेच इथे अडवता येईल अशी त्यांची अटकळ. कोर्टाने ऐकलं नाही. मनोरा मला जड वाटला, थोडा बुरुजासारखा. पण दक्षिण भागात एवढी मोठी संस्था कुणी बांधतच नव्हतं, हेही तितकंच खरं. शेजारच्या वुडलॉनमधल्या भाडेकरूंना भीती आहे ती मनोऱ्याच्या उंचीची नसून भाड्याच्या उंचीची. त्यांनी दबाव आणून २०२० मध्ये घरांच्या संरक्षणाचा ठराव शहराकडून करून घेतला.

काठाची अधिकृत वाट एकाहत्तराव्या रस्त्याला संपते. तिथे साउथ शोअर सांस्कृतिक केंद्र आहे. नारिंगी कौलं, झुंबरांची नाचघरं, मागे घोड्यांचे तबेले, स्वतःची पुळण. १९०५ चा हा क्लब. कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना सभासदत्व नव्हतं. १९६० च्या दशकात आसपासच्या गोऱ्यांनी वस्ती सोडली, नवे शेजारी कृष्णवर्णीय होते, पण क्लबाने त्यांना आत घेण्यापेक्षा बंद पडणं पत्करलं. उद्यान खात्याने तो विकत घेतला. पाडायचा विचार होता तो लोकांनी हाणून पाडला. काही रस्ते पलीकडे मिशेल रॉबिन्सन नावाची मुलगी वाढत होती. १९९२ मध्ये बराक ओबामांशी तिचं लग्न झालं, त्याचा स्वागतसमारंभ या क्लबात झाला.

आणखी थोडं चाललं की रेनबो बीच. शहरातली एक प्रशस्त, बऱ्यापैकी ओस पुळण. १९६० साली इथे कायद्याने कुणालाही मज्जाव नव्हता. कृष्णवर्णीय कुटुंब आलं की फक्त त्याला हुसकावलं जाई. एका कृष्णवर्णीय पोलिसालाही मुलाबाळांसकट माघारी जावं लागलं. त्या ऑगस्टमध्ये तीसएक तरुण, काळे आणि गोरे, एकत्र पुळणीवर येऊन बसले आणि पाण्यात उतरले. परतताना दगड आले. वेल्मा मर्फी या तरुण कार्यकर्तीच्या डोक्याला टाके पडले. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा आले, दर आठवड्याला, या वेळी पोलिस बंदोबस्तात, आणि पुळण खुली झाली.

मराठी माणसाला इथे महाड आठवणारच. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं, आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह जाऊन ते पाणी ओंजळीने प्यावं लागलं. त्यानंतर तिथेही मार खावा लागला. कागदावर खुलं आणि काठावर बंद, हा प्रकार दोन्हीकडे सारखाच. फरकही आहे: महाडला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा, जगण्याचा होता, इथे उन्हाळ्याच्या दुपारी पोहण्याचा. तो हक्क क्षुल्लक मानायला मी तयार नाही. युजीन विल्यम्स पोहायलाच गेला होता.

रेनबोच्या दक्षिणेला एकोणऐंशीव्या रस्त्यानंतर पोलाद कारखान्याची शेकडो एकर जमीन आहे. भट्टीतली मळी पाण्यात ओतून कारखान्याने काठ पुढे नेला, म्हणजे पायाखालची जमीनसुद्धा मळीचीच. १९९२ मध्ये तो बंद पडला. लोहखनिज साठवायच्या काँक्रीटच्या उंच भिंती तेवढ्या राहिल्या. एका कोपऱ्यात कामगारांच्या नावाने बाग केली आहे. तीस वर्षांत नव्या वसाहतींचे आराखडे आले आणि बारगळले. २०२४ मध्ये राज्याने इथे क्वांटम संगणकांचं संकुल जाहीर केलं. किनारा लोकांना किती मिळणार, मळीत मुरलेल्या धातूंचं काय, कामं कुणाला, भाडी किती चढणार, हे आसपासचे लोक सभांमध्ये विचारताहेत आणि लेखी करार मागताहेत.